झारूनसारखा नवरा

चि. मुक्ता,


‘जिंदगी गुलजार है’ बघून संपवलीस आणि लगेच लिहिलंस, “मावशी, नवरा असावा तर झारूनसारखा!” झारून झालेल्या फवाद खानला पाहून असं वाटणारी तू पहिली नव्हेस. 2014 साली ‘जिंदगी’ वाहिनीवर ही पाकिस्तानी मालिका लागायची, तेव्हा आमच्या भिशीतल्या बायका कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरत. पण तुझ्यासाठी स्थळं बघताहेत, म्हणून स्पष्ट लिहिते.

नायिका कशफच्या बापाचा, मुर्तझाचा राग सगळ्यांनाच येतो. तिन्ही मुलीच झाल्या म्हणून रफियाला टाकून त्याने मुलासाठी दुसरा संसार मांडला. तिने शाळेत नोकरी करून, घरी शिकवण्या घेऊन पोरी वाढवल्या. थोरली कशफ परीक्षा देऊन सरकारी अधिकारी झाली. असला बाप ओळखायला काही अक्कल लागत नाही. ती लागते झारून ओळखायला.

तो शिकलेला, देखणा, बोलायला गोड. पण अस्माराशी लग्न ठरल्यावर तिचे कपडे आणि तिचं मित्रांबरोबरचं हिंडणं, सगळ्यालाच त्याची हरकत. बहिणीचा, साराचा संसार मोडला, तर चूक तिचीच. आई घराबाहेर कामाला जाते याची अढी त्याने लहानपणापासून मनात धरलेली. बापही कामातच बुडालेला, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. आणि बायको, कशफ? उसामाने, म्हणजे याच्याच मित्राने, तिला पूर्वी मागणी घातली होती एवढं कळायचा अवकाश, हा तिच्यावर संशय घेऊन मोकळा! मुर्तझा टाकून जातो, झारून माफी मागून परत येतो, हा फरक मला मान्य आहे. तो लहानही नाही. पण घरात कुणी कसं वागायचं हे ठरवणारा आपणच, याबद्दल दोघांनाही शंका नाही.

लेखिका उमेरा अहमद, दिग्दर्शिका सुलताना सिद्दिकी. दोघींनी रफियाचं घर इतकं खरं उभं केलंय की रफिया झालेली समीना पीरजादा नुसती गप्प बसली तरी पोटात तुटतं.    

आता तुझं. मुलाला भेटशील तेव्हा पगाराचा आकडा तुझे बाबा विचारतील. तू त्याला त्याच्या आईबद्दल बोलतं कर. ती दिवसभर काय करते, हे त्याला धड सांगता येतं का बघ. तुझी बदली झाली तर कोण कुठे जाणार, तुझे कॉलेजातले मित्र घरी आलेले चालतील का, हेही विचार. “तुझ्या नोकरीला आमची हरकत नाही” असं ऐटीत म्हणाला, तर हरकत घ्यायचा हक्क मुळात कुणी दिला, तेही हसत हसत विचारून टाक. चिडला तर बरंच झालं, लग्नाआधी कळलं.

आणि पटलं नाही तर सरळ नाही म्हण. तुझ्या आईशी मी बोलेन.

तुझी,
सुधामावशी