यंत्रांना परदेशबंदी

छात्रांनो, धंदा परदेशी जाऊ नये म्हणून इंग्लंडने फौजदारी कायदा वापरला होता. १७१८च्या कायद्याने कारागिरांना फूस लावून परदेशी नेणाऱ्यास दंड व कैद ठरवली. १७७४पासून कापडधंद्याची अवजारे बाहेर पाठवणेही गुन्हा झाला. पेटाऱ्याची झडती घेता येते, डोक्याची कशी घेणार? १७८९ मध्ये सॅम्युअल स्लेटर हा एकवीस वर्षांचा तरुण शेतमजूर बनून अमेरिकेला निघाला. जवळ एकही आराखडा नव्हता. आर्कराइटच्या सूतयंत्राची रचना मात्र मुखोद्गत होती. वर्षभरात पॉटकेटला सूत निघू लागले. मायदेशी तो फितूर ठरला, अमेरिकेत कारखानदारीचा जनक! कारागिरांवरची बंदी १८२४ मध्ये उठली, यंत्रांवरची १८४३ मध्ये. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ मध्ये सूतगिरणी काढली, तेव्हा यंत्रे इंग्लंडहून राजरोस आली.