पुढील हंगामाचें भाकीत : बास्केटबॉलच्या निमित्तानें गणिताचा एक पाठ



बास्केटबॉल हा खेळ आपल्या मैदानास परका नाहीं. सन १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें तो प्रथम खेळविला, आणि वाय. एम. सी. ए. च्याच द्वारें तो आपल्या देशांतील शाळांपर्यंत येऊन पोहोंचला. तो कसा खेळावा हें तुमच्या क्रीडाशिक्षकांनीं शिकविलेंच आहे. आम्हांस येथें त्याच्या निमित्तानें निराळाच धडा द्यावयाचा आहे.

अमेरिकेंतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे तुमच्या तोंडीं असलेली एन. बी. ए., हिच्या पुढील हंगामांत कोणते संघ ‘प्ले-ऑफ’ला, म्हणजे अखेरच्या बाद-सामन्यांस, पात्र ठरतील, हा वाद मधल्या सुटींत नेहमीं आमच्या कानीं येतो. आवाज मोठा असतो, पुरावा मात्र थोडा. कधीं कधीं पैजेची भाषाही ऐकूं येते. सन २०१८ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर अनेक राज्यांनीं खेळांवरील पैजा कायदेशीर केल्या हें खरें. परंतु पैज लावणाऱ्यास नवा पुरावा मिळाला तरी आपलें मत बदलण्याची सोय उरत नाहीं. अभ्यास करूं इच्छिणाऱ्यानें तिच्यापासून दूर राहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. एकंदर संघ ३०. पैकीं १५ पूर्व विभागांत व १५ पश्चिम विभागांत. प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, आणि त्यांपैकीं ५२ सामने स्वतःच्याच विभागांतील संघांशीं असतात. प्रत्येक विभागांतून ८ याप्रमाणें १६ संघ प्ले-ऑफला जातात. म्हणजे एखाद्यानें डोळे झांकून प्रत्येक विभागाच्या आठ चिठ्ठ्या उचलल्या, तरी सरासरीनें एकंदर आठ किंवा नऊ नांवें बरोबर निघावयाचींच! नऊ नांवें ओळखलीं म्हणून छाती फुगविणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

याहून बरी रीत म्हणजे गेल्या वर्षीची यादी जशीच्या तशी उतरून काढणें. सन २०२२ मध्यें पात्र ठरलेल्या १६ संघांपैकीं ११ संघ २०२३ मध्येंही पात्र ठरले. २०२३ च्या यादींतील ११ संघ २०२४ मध्यें पुन्हा आले, आणि २०२४ च्या यादींतील १२ संघ २०२५ मध्यें टिकले. नुसत्या नकलेनें जर ११-१२ नांवें बरोबर येतात, तर तितक्याच यशास विद्वत्ता म्हणतां येणार नाहीं. खरी परीक्षा उरलेल्या चार-पांच जागांची आहे.

२०२५ मध्यें गळलेले चार संघ कोणते तें पाहूं. फिलाडेल्फियाचे विजय ४७ वरून २४ वर आले. त्या संघाचा आधारस्तंभ जोएल एंबीड ८२ पैकीं अवघे १९ सामने खेळूं शकला. न्यू ऑर्लिन्सचे ४९ वरून २१ झाले. तेथेंही दुखापतींनीं संघ मोडला. डॅलस संघ २०२४ मध्यें अंतिम फेरींत होता. त्यानें फेब्रुवारी २०२५ मध्यें आपला अग्रगण्य खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला, आणि पुढच्याच महिन्यांत कायरी अर्व्हिंगचा गुडघा दुखावला. विजय राहिले ३९. फीनिक्सची गोष्ट मात्र वेगळी. ड्युरॅंट, बूकर, बील असे तीन नामांकित खेळाडू जवळ असतां त्याचे विजय ४९ वरून ३६ वर घसरले, आणि सगळा दोष दुखापतींवर टाकतां येण्याजोगा नव्हता. मोठीं नांवें एकत्र केलीं म्हणजे संघ होतो असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण जरूर अभ्यासावें.

त्यांच्या जागीं आलेल्या चार संघांत मेम्फिसचें उदाहरण आम्हांस सर्वांत बोधक वाटतें. त्याचे विजय २०२२-२३ मध्यें ५१ होते, व २०२३-२४ मध्यें २७. ज्यानें २७ हा एकच आंकडा पाहिला, त्यानें संघ दुर्बळ ठरविला. परंतु त्या वर्षीं जा मोरॅंट हा मुख्य खेळाडू प्रथम २५ सामन्यांच्या बंदीमुळें व मग खांद्याच्या दुखापतीमुळें केवळ ९ सामने खेळला होता. घसरणीचें कारण तात्पुरतें होतें. तें दूर होतांच २०२४-२५ मध्यें विजय ४८ झाले. ह्यूस्टनचा तरुण संघ ४१ वरून ५२ वर चढला. येथें कारण वाढत्या वयाचें व अनुभवाचें. गोल्डन स्टेटला हंगामाच्या मध्यावर जिमी बटलर मिळाला. ही गोष्ट आरंभीं कोणास कळणार? राहतां राहिला डेट्रॉइट. २०२३-२४ मध्यें हा संघ ओळीनें २८ सामने हरला व त्याचे एकंदर विजय १४ भरले. पुढील वर्षीं नवा प्रशिक्षक व कांहीं अनुभवी खेळाडू आले, आणि विजय ४४! हें भाकीत आगाऊ करणारा कोणी भेटता, तर आम्हीं त्याजपाशीं पुरावा मागितला असता, आणि तो त्याला देतां आला नसता.

वाईट संघास नव्या खेळाडूंच्या निवडींत पहिला मान मिळण्याची संधि अधिक असते. म्हणून “आतां हा संघ वर येणारच” असें पुष्कळ म्हणतात. दाखला देतात सॅन अंटोनियोचा. १९९६-९७ मध्यें २० विजय, मग टिम डंकन आला, आणि १९९७-९८ मध्यें ५६ विजय. परंतु त्या २० विजयांच्या वर्षीं डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळें सहाच सामने खेळला होता, व त्याच्या आदल्या वर्षीं विजय ५९ होते, हें कोणी सांगत नाहीं. याच संघाकडे २०२३ मध्यें वेम्बन्यामा आला. तो असामान्य खेळाडू खरा. पण विजय आदल्या वर्षींही २२ व त्या वर्षींही २२. एकाच वेळीं दोन कारणें घडलीं असतां सगळें श्रेय एकास देणें, ही चूक इतिहासाच्या उत्तरपत्रिकांतही आम्हांस वारंवार आढळते.

विजयांच्या संख्येपेक्षां गुणांचें अंतर अधिक विश्वसनीय असतें. दोन-तीन गुणांनीं सुटणाऱ्या सामन्यांत योगायोगाचा वांटा मोठा असतो, आणि तो पुढील वर्षीं सोबत येईलच असें नाहीं. स्थूल हिशेब असा : ८२ चे निम्मे ४१; दर सामन्यास सरासरी एक गुण वरचढ असेल तर त्यांत अडीच विजय मिळवावे. सरासरी ११५ गुण करून ११० देणारा संघ ५३-५४ सामने जिंकण्याच्या योग्यतेचा होय. तो प्रत्यक्षांत ६० जिंकला असेल, तर पुढील वर्षीं थोडा उतार धरावा. मात्र विभाग विसरूं नये. २००८ मध्यें पश्चिमेकडील गोल्डन स्टेट ४८ सामने जिंकूनही बाहेर राहिला, आणि पूर्वेकडील अटलांटा ३७ विजयांवर आंत गेला.

आतां भाकीत कसें लिहावें? “येईल” किंवा “येणार नाहीं” असें न लिहितां प्रत्येक संघापुढें शेंकडा संधि लिहावी : कोणास ९०, कोणास ५५, कोणास १०. एका विभागाच्या पंधरा आंकड्यांची बेरीज बरोबर ८०० आली पाहिजे, कारण जागा आठच आहेत. नवशिक्याची बेरीज बहुधा हजाराच्या घरांत जाते. ज्या संघावर आपलें प्रेम, त्याला जागा देतांना दुसऱ्या कोणाची काढून घ्यावी लागते, हें तो विसरतो. वही ऑक्टोबरांत, पहिल्या सामन्यापूर्वीं, भरावी आणि एप्रिलपर्यंत तींत खाडाखोड करूं नये.

सातव्या व आठव्या जागेसाठीं २०२१ पासून निराळी पद्धति आहे. सातवा व आठवा संघ आपसांत खेळतात. विजेता सातवी जागा घेतो. नववा व दहावा खेळतात, हरणारा बाद. मग पहिल्या सामन्यांत हरलेला व दुसऱ्यांत जिंकलेला यांची गांठ पडून आठवी जागा ठरते. सर्व संघ तुल्यबळ धरले तर सातव्या व आठव्यास प्रत्येकीं ३/४ व नवव्या-दहाव्यास प्रत्येकीं १/४ संधि येते. २०२५ मध्यें पूर्वेकडील मायामी संघ दहाव्या स्थानावरून दोन्ही सामने जिंकून आंत गेला. असें करणारा तो पहिलाच. आतां तिन्ही सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर होतात, आणि घरच्या मैदानावर खेळणाऱ्यास पांचांत तीन संधि आहेत असें समजून हेंच उदाहरण वहींत पुन्हा सोडवा. उत्तरें अनुक्रमें शेंकडा ८४, ७६, २४ व १६ यावीं. त्यांची बेरीज २०० न भरल्यास कोठें तरी चूक झाली असें समजून पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासावें.