अल्झायमरसाठी पुन्हा सीटी स्कॅन करावा का?

‘डॉक्टर, आईच्या मेंदूचा सीटी स्कॅन आणखी दोन-तीनदा करून घेऊ का? त्या किरणांनी स्मृती सुधारते म्हणतात.’ हल्ली घरची मंडळी असं विचारू लागली आहेत. माझं उत्तर आहे, करू नका. मात्र ही आशा कुठून आली, तेही सांगायला हवं.

२०१५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये अल्झायमरच्या शेवटच्या टप्प्यातल्या ८१ वर्षांच्या एका बाईंचे काही सीटी स्कॅन झाले. बोलणं बंद पडलेल्या त्या बाई पुन्हा बोलू लागल्या, अशी नोंद झाली. मग टोरांटोत आजार खूप बळावलेल्या चार रुग्णांना दोन-दोन आठवड्यांनी, तीनदा, स्कॅनइतकाच किरणोत्सर्ग दिला. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तिघांच्या घरच्यांना माणूस जास्त सावध, जास्त बोलका वाटला. स्मृतीच्या चाचण्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. रुग्ण चारच, आणि तुलनेला किरण न दिलेला गट नव्हता. ज्यांनी घरी असं माणूस सांभाळलंय त्यांना ठाऊक आहे, सकाळी मुलाला न ओळखणारी आई संध्याकाळी त्याला नावाने हाक मारते. त्या संध्याकाळी स्कॅन झालेला असेल, तर श्रेय स्कॅनलाच जातं.

कल्पना बिनबुडाची मात्र नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत कमी मात्रेच्या किरणांनी मेंदूतल्या, अल्झायमरमध्ये साठणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या गाठी घटल्या. मेंदूची साफसफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींचा दाह शमतो, असा तर्क आहे. पण उंदरांना मिळून काही ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा दिली होती, टोरांटोत एका वेळी ग्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी. कर्करोगासाठी ६० ग्रेपर्यंत देतात, आणि त्या पातळीला स्मृतीच बिघडू शकते. नेमकी मात्रा किती, हेच अजून ठरलेलं नाही. अमेरिकेत आणि कोरियात चाचण्या झाल्या आहेत, पण हा मान्यताप्राप्त उपचार झालेला नाही. कुणी पैसे घेऊन देऊ करत असेल, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीची परवानगी मागा. टाळाटाळ झाली, तर तिथून उठा.

निदानासाठी डॉक्टरांनी सांगितलेला पहिला स्कॅन मात्र टाळू नका. पडल्यानंतर डोक्यात साकळलेलं रक्त किंवा मेंदूत साठलेलं पाणी त्यात सापडतं, आणि वेळेत सापडलं तर त्यावर इलाज आहे. विसरण्याची इतर कारणंही शोधा: रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासा. मनाची उदासी आणि कमी ऐकू येणं हेही विसरभोळेपणासारखंच दिसतं.

एक गोष्ट आवर्जून करा. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून दवाखान्यात आणा, सर्दीच्या आणि झोपेच्यासुद्धा. म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकणारं औषध अनेकदा त्या पिशवीतच सापडतं. पण स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी एकदम बंद करू नका.