चलान आलं की आधी फोटो बघा

आमच्या खटल्यात गाड्या सगळ्यांच्या, पण चलानं निस्तरायला येतात माझ्याकडे. त्या उस्तवारीतून जमलेलं हे शहाणपण.

१. मेसेज दिसला की लगेच पैसे भरू नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान उघडतं. त्यातला फोटो मोठा करून बघा. आमच्या काकांची काळी स्कूटर, आणि सिग्नल तोडणारी फोटोत लाल मोटारसायकल! तिच्या पाटीवरचा ८ डावीकडून घासला होता, त्यामुळे ३ वाटत होता. आणि काकांच्या नंबरात नेमका तिथेच ३. काका म्हणाले, "जाऊ दे, भरून टाक." मी नाही भरले. तिथेच तक्रार नोंदवली, सोबत आरसी आणि पाटी स्वच्छ दिसेल असा स्कूटरचा फोटो जोडला. चलान रद्द झालं.

२. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका. ती बँक खातं साफ करायला आलेली असते.

३. मामांनी अडवलं तर गाडी कडेला घ्या, वाद नंतर. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये दाखवली तरी चालते. गॅलरीतला फोटो ग्राह्य नाही. खिशात पैसे नसतील तर चलान करून घ्या, नंतर ऑनलाइन भरता येतं. "साहेब, काहीतरी बघा ना" ही सुरुवात बहुतेक वेळा आपल्याच बाजूने होते, हे मान्य करायला हवं.

४. गाडी विकली की फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या ठोकून मोकळं होऊ नका. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललं नाही तर दंड जुन्याच मालकाच्या माथी. माझ्या आतेभावाची बुलेट सांगलीत कुणीतरी उडवतोय आणि मेसेज येतात याला, पुण्यात! उलट आरसीला जुना मोबाइल नंबर असेल तर आपली चलानं आपल्यालाच कळत नाहीत.

५. लोकअदालतीत सूट मिळते म्हणून चलानं साठवणारे पुष्कळ भेटतात. मिळतेही कधी. पण २०१९च्या दुरुस्तीनंतर किरकोळ नियमभंगालाही पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केला तर १५०० रुपये दंड आहे. साठवणीचा आकडा बघता बघता पाच आकड्यांत जातो.

६. पैसे कापले गेले आणि चलान तरी 'अनपेड' दिसतंय? पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, बँकेत पैसे परत आलेत का बघा, मग एक-दोन दिवसांनी चलान पुन्हा उघडा. पावती मिळाली की पीडीएफ उतरवून गाडीच्याच नंबराच्या नावाने ठेवा.