छप्पन्न पट लहान घर

दिवाळीत तुम्ही किल्ला करता. त्यावर ठेवलेला मावळा कधी नीट पाहिला आहे का? पुष्कळदा तो दरवाजापेक्षा उंच असतो! त्याला आत जायचे असेल, तर रांगतच जावे लागेल. आपण ते चालवून घेतो. पण एक खेळ असा आहे, की त्यात हे चालत नाही.

टाइम मशीनची कल्पना रंगवणारे लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 साली 'लिटल वॉर्स' हे छोटे पुस्तक लिहिले. खेळण्यातले शिपाई घेऊन, नियमांनी बांधलेली लढाई कशी खेळावी, हे त्यात सांगितले आहे. पुढे हा खेळ जमिनीवरून टेबलावर आला आणि शिपायांसाठी घरे, बुरूज, तटबंदी यांचे प्लॅस्टिकचे संच निघाले. सुटे भाग जोडायचे, रंगवायचे आणि मध्ययुगीन युरोपातले खेडे टेबलावर उभे करायचे.

असा एक संच माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्या मामांनी इंग्लंडहून आणून दिला. घर जोडून झाल्यावर तिने विचारले, "सर, दोन मिलिमीटरच्या भिंती आणि काडीएवढी तुळई. तरी वर वही ठेवली तर घर हलत नाही. मग खऱ्या घराला हातभर जाड तुळया कशाला लागत?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर शोधू या.

प्रमाण

या खेळातल्या शिपायांचे एक प्रचलित माप 28 मिलिमीटर आहे. पुष्कळदा ते तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. 28 ला 56 ने गुणा. 1,568 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 157 सेंटिमीटर येतात. मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे साधारण तेथेच असतात. म्हणून हे प्रमाण 1:56 धरतात. मग 1.8 मीटर उंचीचा दरवाजा प्रतिकृतीत 32 मिलिमीटरचा हवा.

पण सगळेच भाग या प्रमाणात करता येत नाहीत. भाल्याचा दांडा 3 सेंटिमीटर जाड असेल, तर प्रतिकृतीत तो जेमतेम अर्धा मिलिमीटर होईल आणि हात लागताच मोडेल. म्हणून तो जाडच करतात. प्रतिकृती पाहताना कोणते माप खरे आणि कोणते सोयीचे, हे ओळखावे लागते.

साच्यातले घर

असे बहुतेक संच पॉलिस्टायरीनचे असतात. हे प्लॅस्टिक तापवले की मऊ होते आणि निवले की पुन्हा कडक होते. वितळलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने धातूच्या साच्यात भरतात. थंड झाल्यावर साच्याचे दोन भाग दूर होतात आणि काड्यांच्या चौकटीला लगडलेले सुटे भाग बाहेर पडतात. साच्यातून सरळ निसटेल असाच प्रत्येक भागाचा आकार ठेवावा लागतो. म्हणून अखंड घर न काढता भिंती, छप्पर, दारे वेगवेगळी काढतात.

ते जोडण्याचा द्रवही मजेदार आहे. तो डिंकासारखा दोन भागांच्या मध्ये बसून राहत नाही. पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग तो किंचित विरघळवतो. दोन्ही बाजूंचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात, द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो.

तुळईचे गणित

संचातले घर बहुधा लाकडी चौकटीचे असते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अशी चौकट उभारून मधल्या जागा फोकाट्यांनी विणत आणि वर माती लिंपत. कोकणातल्या कुडाच्या भिंती आठवा, म्हणजे कल्पना येईल.

समजा, त्या घराची ओकची तुळई 5 मीटर लांब असून तिची रुंदी आणि जाडी 30-30 सेंटिमीटर आहे. लाकडाची घनता दर घनमीटरला 700 किलोग्रॅम धरली, तर तिचे वस्तुमान 315 किलोग्रॅम होते. आता त्याच लाकडाची तुळई 56 पट लहान करा. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही घटल्याने वस्तुमान 56 × 56 × 56, म्हणजे 1,75,616 पटींनी घटेल. ते 2 ग्रॅमही भरणार नाही! पण छेदाचे क्षेत्रफळ फक्त 56 × 56, म्हणजे 3,136 पटींनीच घटेल.

येथेच उत्तर आहे. मोठ्या तुळईच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे 350 ग्रॅम येतात, तर लहान तुळईत फक्त सव्वासहा. स्वतःच्या वजनामुळे वाकताना पडणारा ताणही याच हिशेबाने 56 पट कमी होतो. लहान वस्तूला आपला भार हलका वाटतो. मोठीला तोच जड जातो. गॅलिलिओने 1638 साली हे स्पष्ट केले आणि महाकाय प्राण्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड का हवीत, हेही दाखवले.

तेव्हा प्रतिकृती उभी राहिली, म्हणून त्याच प्रमाणात वाढवलेले घर उभे राहीलच, असे समजू नका. प्रतिकृती आकार खरा सांगते. ताकद सांगत नाही.

किंमत आणि मोल

मूठभर प्लॅस्टिकला एवढे पैसे का? कारण खरा खर्च साच्याचा. समजा, साच्याला 20 लाख रुपये लागले. 1,000 संच खपले, तर प्रत्येकावर साच्याचे 2,000 रुपये पडतील. 50,000 खपले, तर 40 रुपयेच. म्हणून अनेक लढायांना चालेल असे घर निर्मात्याला परवडते. ब्रिटनमधील पेरी मिनिएचर्स या निर्मात्याचा एक घरसंच 1300 ते 1700 अशा 400 वर्षांसाठी म्हणून विक्रीस आला, तो उगीच नव्हे.

मोल मात्र निराळे. ते प्रमाणात आणि प्रमाणाने पडणाऱ्या प्रश्नांत आहे. ते पुठ्ठ्याच्या घरातूनही मिळते.

करून पाहा

जाड कार्डकागदाची 12 सेंटिमीटर लांब, 1 सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. आता 24 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या त्याच दिशेने कापून एकमेकींवर चिकटवा आणि पुस्तकाखाली दाबून वाळवा. लांबी, रुंदी, जाडी सर्व दुप्पट झाली. लहान पट्टी 10 आणि मोठी 20 सेंटिमीटर टेबलाबाहेर राहील, अशा रीतीने त्या वजनाखाली धरा. टोके किती खाली झुकतात, ते मोजा. मोठीचा झुकाव दुप्पट नव्हे, सुमारे चौपट येईल.

आणि यंदा किल्ला करताना आधी मावळा मोजा, मग दरवाजा कापा!