सूर्यासमोरचा घाट

छायाचित्रण शिकू इच्छिणारा मनुष्य प्रथम दुकानदाराकडे जातो, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. त्याने त्याऐवजी हाती असेल तो कॅमेरा घेऊन एखाद्या घाटावर जावे. काशीचा दुर्गाघाट या कामी सोयीचा आहे. अठराव्या शतकात नारायण दीक्षितांनी तो बांधविला. मराठी माणसाला तो परकाही नाही. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाटांची तोंडे पूर्वेला आहेत. म्हणून प्रकाशाचा अभ्यास येथे उघड्यावर मांडलेला असतो.

सकाळी नऊच्या सुमारास पायऱ्यांवरून नदीकडे कॅमेरा रोखला की सूर्य समोर येतो. शंभर वेगाच्या फिल्मवर शटर १/१२५ आणि छिद्र १६, हा लख्ख उन्हाचा नेहमीचा हिशेब. तो येथे फसतो. पाणी उत्तम उमटते, परंतु स्नान करून वर येणाऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडतो. छिद्र ८ केले तर चौपट प्रकाश आत येतो. चेहरा उजळतो आणि पाणी पांढरेफटक होते. दोन्ही निगेटिव्ह शेजारी ठेवून पाहिल्यावाचून हा व्यवहार अंगी मुरत नाही. आता नावेत बसून घाटाकडे पाहावे. अर्घ्य देणाऱ्याच्या मुखावर ऊन असते, आणि मघाचा हिशेब तंतोतंत जुळतो! मात्र नाव हलत असते. शटर १/३० वर ठेवल्यास चित्र बहुधा अस्पष्ट येते.

प्रत्येक चित्राची वेळ, छिद्र, शटरचा वेग आणि सूर्याची दिशा वहीत टिपावी. आजच्या कॅमेऱ्यात बिघडलेले चित्र तत्काळ पुसता येते. शिकणाऱ्याने ते पुसू नये. बडोद्यास बनणाऱ्या आग्फा क्लिक ३ या साध्या कॅमेऱ्यात एका फिल्मवर १२ चित्रे येत आणि नेहमीच्या चित्रांसाठी शटरचा वेग बदलता येत नसे. म्हणून माणूसच जागा बदलावयास शिके.

विषय मात्र बदलू नये. दादासाहेब फाळके १९२०च्या सुमारास काही काळ काशीत राहिले होते. त्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून एक छोटी फीत केली होती. ती पाहूनच त्यांना कर्ज मिळाले. दुर्गाघाटाची एखादी पायरी अशीच महिनाभर धरून ठेवावी. थंडीत दाट धुके पडले की पाणी आणि चेहरा यांतील प्रकाशाचा भेद जवळजवळ मिटतो. त्या दिवशीचे आकडेही वहीत असावेत.