ओल्या जमिनीत ट्रॅक्टरच्या चाकांची पकड

परतीचा पाऊस उघडला की काळ्या जमिनीच्या मुलखात एकच घाई सुरू होते. मूग, उडीद, सोयाबीन निघालेले असते आणि जमिनीतील ओल उडून जाण्यापूर्वी हरभरा व ज्वारी पेरावयाची असते. नेमक्या याच दिवसांत ट्रॅक्टरचे मागचे चाक जागच्या जागी गरगर फिरत असल्याचे दृश्य अनेक शेतांत दिसते. यंत्राला जोर कमी पडतो असे समजून चालक इंजिनाचा वेग वाढवितो आणि चाक अधिकच खोल जाते. वस्तुतः इंजिनात जोर पुरेसा असतो. तो जमिनीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

चाकाची घसरण किती होते हे डोळ्यांनी अजमावू नये, मोजावे. त्यास एक खडू व एक टेप पुरे. मागच्या टायरवर बाहेरच्या बाजूने खडूची ठळक खूण करावी. औजार उचलून ट्रॅक्टर त्याच शेतात सरळ चालवावा व चाकाचे दहा फेरे होण्यास किती अंतर लागते ते मोजावे. मग औजार नेहमीच्या खोलीवर लावून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर घ्यावे. समजा, रिकाम्या चालीत ४० मीटर व कामात ३४ मीटर अंतर भरले, तर ६ मीटर वाया गेले, म्हणजे घसरण १५ टक्के झाली. नांगरट व वखरणी यांसारख्या ओढीच्या कामात १० ते १५ टक्के घसरण रास्त समजावी. ट्रॅक्टरच्या अधिकृत चाचण्यांतही रबरी चाकांच्या यंत्राची ओढ मोजताना १५ टक्के हीच मर्यादा धरतात. घसरण २० टक्क्यांवर गेली की पाच तासांच्या डिझेलमध्ये चारच तासांचे काम पदरात पडते, आणि टायर झिजतो तो वेगळा. उलट घसरण ७-८ टक्क्यांच्याही खाली असेल तर आनंद मानू नये. ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड झाला आहे व ते जादा ओझे तो दिवसभर वाहत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

घसरण वाढली की वजन वाढवावयाचे, हा सर्वांचा ठरलेला उपाय. तो निम्माच खरा आहे. चाकाला पकड दोन गोष्टींमुळे मिळते. एक, मातीच्या कणांचे एकमेकांवरील घर्षण. वरून दाब वाढला की ते वाढते. दुसरी, मातीचा स्वतःचा चिकटपणा. हा दाबाने वाढत नाही, चाक जेवढ्या क्षेत्रावर टेकलेले असेल तेवढाच तो उपयोगी पडतो. मुरमाड वा वाळूसर जमिनीत पहिली गोष्ट मोठी, म्हणून तेथे वजन घातल्याचा लाभ तत्काळ दिसतो. ओल्या काळ्या जमिनीत मात्र घर्षण जवळजवळ नाहीसे झालेले असते व सारी भिस्त चिकटपणावर राहते. तेथे चाकावर आणखी शंभर किलो घातले तर पकड फारशी वाढत नाही, चाक तेवढे अधिक रुतते. म्हणून हलक्या जमिनीत वजन आणि भारी ओल्या जमिनीत टेकण्याची रुंदी, हा भेद प्रत्येक चालकाच्या मनावर बिंबविणे अवश्य आहे.

टेकण्याची रुंदी वाढविण्याचा बिनखर्ची मार्ग म्हणजे हवेचा दाब योग्य ठेवणे. आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टर उसाची वा मालाची वाहतूकही करतात. त्यासाठी मागच्या टायरमध्ये हवा घट्ट भरलेली असते व तशीच ती शेतातही नेली जाते. फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो. शेतकामासाठी मागच्या टायरमध्ये सामान्यतः १२ ते १४ पौंड हवा पुरते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतून घ्यावा. त्याहून खाली मात्र जाऊ नये. हवा फार कमी झाली तर टायर रिमवर सरकतो व ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. दोन्ही चाकांचा दाब सारखा असावा.

टायर उलटा बसविल्याचे प्रकारही विरळा नाहीत. पंक्चर काढून घाईत चाक जोडले की असे होते. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहावा. बाण पुसला असेल तर ट्रॅक्टरच्या मागे उभे राहावे; टायरवरील उंच तिरपे पट्टे घराच्या आढ्याप्रमाणे टोक वर करून दिसले पाहिजेत. असे पट्टे चिखल बाहेरच्या बाजूस ढकलतात. उलट्या टायरमध्ये तो मध्यभागी साठतो व थोड्याच वेळात चाक मातीच्या गुळगुळीत गोळ्यासारखे होते.

वजन घालावयाचे तेव्हा ते रीतसर घालावे. ओतीव लोखंडाची वजने चाकास बोल्टने जोडता येतात. याहून स्वस्त उपाय म्हणजे ट्यूबमध्ये पाणी भरणे. जॅकने चाक उचलून व्हॉल्व्ह अगदी वर येईल असे फिरवावे, व्हॉल्व्हचा गाभा काढून नळीने पाणी सोडावे आणि आतील हवा मधून मधून बाहेर जाऊ द्यावी. व्हॉल्व्हच्या पातळीस पाणी आले की टायर सुमारे पाऊण भरला असे समजावे. वरच्या पाव भागात हवा भरून दाब ठीक करावा. पूर्ण पाण्याने टायर भरू नये, कारण धक्का सोसण्यास हवा लागते. टायरच्या आकाराप्रमाणे एका चाकात दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावते, म्हणजे तितकेच किलो वजन वाढते. औजारावर वा मडगार्डवर माणसे बसवून वजन वाढविण्याची जी पद्धत गावोगाव दिसते, ती तात्काळ बंद करावी. हे वजन उडी मारू शकते, घसरू शकते आणि चाकाखाली येऊ शकते.

काही हस्तपुस्तिकांत पाण्यात कॅल्शियम क्लोराईड मिसळण्याचे कोष्टक दिलेले असते, आणि ते आपणही करावे काय अशी पृच्छा होते. ते कोष्टक हिमप्रदेशांसाठी आहे. कॅनडा किंवा उत्तर युरोपात हिवाळ्यात ट्रॅक्टरने रस्त्यांवरील व गोठ्यांपुढील बर्फ लोटतात. तेथे टायरमधील साधे पाणी गोठून जाईल, म्हणून हे क्षार घालतात. त्याने पाणी गोठत नाही आणि वजनही थोडे अधिक भरते. त्याशिवाय ते टायरवर साखळ्यांचे जाळे चढवितात, म्हणजे दाबून कठीण झालेल्या बर्फात कड्या रुततात. आपल्या हवेत क्षाराची मुळीच गरज नाही. व्हॉल्व्हपाशी पाझर झाल्यास रिम गंजण्याचे संकट मात्र ओढवते. साधे स्वच्छ पाणी भरावे. साखळ्यांचे काम आपल्याकडे लोखंडी जाळीची चाके करतात. झाडीपट्टीतील बांध्यांत भाताच्या चिखलणीसाठी ती सर्वपरिचित आहेत. टायर काढून त्याऐवजी पूर्ण जाळीचे चाक बसवितात, अथवा टायर ठेवून शेजारी अर्धे जाळीचे चाक जोडतात. दोन्ही प्रकारांत टेकण्याची रुंदी वाढते. ही चाके चढवून डांबरी रस्त्यावर जाऊ नये, रस्ता उखडतो. ती ट्रॉलीतून न्यावी व शेतावर जोडावी.

या सर्व उपायांच्या आधी वाफसा आहे. जमिनीच्या वरच्या थरावर भरवसा न ठेवता चार बोटे खालची माती घ्यावी, मुठीत दाबून गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. गोळा फुटला तर यंत्र घालावे, चपटा होऊन राहिला तर थांबावे. वाफसा नसताना फिरणारे चाक माती लेपून टाकते व त्याखाली जो घट्ट थर बसतो, तो पुढील पिकाच्या मुळांना आडवा येतो.

प्रस्तुत लेखकाने हा नियम स्वतःच एकदा मोडला आहे. एका गावी प्रात्यक्षिकाची तारीख आधी जाहीर झाली होती, लोक जमले होते, आणि वाफसा आलेला नाही हे दिसत असूनही नांगर लावण्यास सांगितले. तिसऱ्या तासाला ट्रॅक्टर धुऱ्याशी आसापर्यंत रुतला. जमलेल्यांपैकी कोणी मागच्या दोन्ही चाकांना आडवे लाकूड साखळीने बांधले, चालकाने पहिल्या गियरमध्ये क्लच सोडला, आणि पुढची चाके जमिनीपासून हातभर वर आली. चालकाने त्याच क्षणी क्लच दाबला म्हणून अनर्थ टळला. लाकूड बांधण्यापूर्वी मी तेथेच उभा होतो व गप्प राहिलो, हे सांगणे भाग आहे.

असे का होते ते ध्यानात घ्यावे. लाकडाने चाक अडले की ते फिरू शकत नाही. मग इंजिनाचा जोर ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती मागे फिरवितो. ट्रॅक्टर पालथा होण्यास एक-दोन सेकंद पुरतात. चालकास विचार करण्यासही अवधी मिळत नाही. म्हणून रुतलेल्या चाकास लाकूड, पहार किंवा दोरखंड बांधू नये, कोणी कितीही अनुभव सांगितला तरी. चाक फिरू लागताच थांबावे. औजार सोडवून बाजूस करावे. चाकांच्या मागची माती खोऱ्याने काढून उतार करावा, त्यात मुरूम, तुऱ्हाट्या अथवा पोती सुटी टाकावी, आणि शक्यतो उलट्या गियरमध्ये सावकाश बाहेर यावे. उलट्या चालीत पुढची चाके खाली दाबली जातात, त्यामुळे उलटण्याचा धोका फार कमी असतो. एकच चाक फिरत असल्यास डिफरन्शियल लॉक लावावा, परंतु सरळ चालीतच. वळण्यापूर्वी तो सुटला आहे याची खात्री करावी.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावयाचे झाल्यास त्याची साखळी ड्रॉबारलाच लावावी. आसाला किंवा त्याहून वर लावली तर ओढणारा ट्रॅक्टरच मागे उलटतो. साखळी लांब घ्यावी, ताण हळूहळू द्यावा व बघ्यांना साखळीच्या दुप्पट अंतरावर उभे करावे. ट्रॅक्टर निघाल्यावर उरलेला खड्डा ओला असताना बुजवू नये; वाफसा आल्यावर ढेकळे फोडून भरावा, नाहीतर पेरणीच्या वेळी पाभर त्यात उतरते व तेवढ्या जागेत बी खोल पडते.